मांडवीकाठचं टेबल आणि गेलेले चोवीस हजार

मोबाइलवर पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी पिन टाकला, आणि गोव्यात एका संध्याकाळी आमचे २४,००० रुपये गेले. लाजेपोटी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. आता लिहितेय, कारण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका बाईंना अगदी याच पद्धतीने लुबाडलं. त्यांच्या वेळी रेस्टॉरंटच्या टेबलाऐवजी रूमचं बुकिंग होतं, एवढाच फरक.

गोष्ट २०२१ च्या दसऱ्याची. सासरे आदल्या वर्षी करोनात गेले होते आणि सासूबाई तेव्हापासून उंबरा ओलांडून कुठे गेल्या नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, गोव्यात डिचोलीला असते. तिचा रोज फोन, "ये गे आता, सगळं सुरू झालंय." खरंच सुरू होत होतं. २० सप्टेंबरपासून कॅसिनोसुद्धा निम्म्या क्षमतेने उघडले होते, हॉटेलं भरायला लागली होती. आम्ही सांगलीहून आंबोली उतरून बांदामार्गे दोडामार्गला पोचलो. तिथे दोन डोसांची प्रमाणपत्रं दाखवली आणि गोव्यात शिरलो. गाडीत मी, नवरा, दीर, जाऊ आणि सासूबाई. मावशी धरून सहा जण.

रविवारी दुपारी मावशीने जेवायला वाढलं. नवरात्र आटोपलेलं, त्यामुळे नऊ दिवसांची कसर तिने एका ताटात भरून काढली. उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, तळलेलं इसवण म्हणजे सुरमई, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, वाटीत सोलकढी. सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. वर्षभरात मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. हात धुताना त्या म्हणाल्या, "रात्री पणजीला जाऊया का? त्या कॅसिनोच्या बोटींचे दिवे बघायचेत मला." त्यांनी स्वतःहून काही मागितलं, हेच आम्हाला इतकं मोठं वाटलं की त्या रात्रीत काहीही कमी पडू नये असं मीच ठरवलं. मांडवीकाठी एक नावाजलेलं रेस्टॉरंट आहे, रात्री तिथे गाणी असतात. म्हटलं, तिथलंच टेबल घेऊ.

नकाशाच्या ॲपवर रेस्टॉरंटचं नाव टाकलं. फोटो, तारे, लोकांचे अभिप्राय, सगळं खरं. खाली फोन नंबर होता, तो लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला. माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीने. किती माणसं, ज्येष्ठ नागरिक आहेत का, नदीकडचं टेबल हवं का, हे सगळं त्याने विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, अभी फिफ्टी परसेंट का रूल है ना, इसलिए सीट पहले ब्लॉक करनी पडती है." माणशी ५०० रुपये, बिलातून वजा होतील. शिवाय सहाही जणांची लसीकरण प्रमाणपत्रं व्हॉट्सॲपवर पाठवा, गेटवर वेळ जाणार नाही.

इथे मला एक कबूल करायचंय. दीड वर्ष आपण सगळे असेच जगलो होतो. आज दुकानं चारला बंद, उद्या सातला. या जिल्ह्यात पास, त्या जिल्ह्यात चाचणी. नियम दर आठवड्याला बदलायचे आणि जो सांगेल त्याचं ऐकून पुढे जायचं, ही सवय अंगात मुरली होती. त्यामुळे "रूल है" म्हटल्यावर मी एकही प्रश्न विचारला नाही. सहा प्रमाणपत्रं पाठवली. त्यावर पूर्ण नाव, वय, ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे, डोसच्या तारखा असं सगळं असतं. ३,००० रुपये भरले. पैसे भरताना स्क्रीनवर रेस्टॉरंटचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. विचारल्यावर तो म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." मला ते पटलं.

संध्याकाळी चोडणच्या फेरीबोटीने रायबंदरला निघालो. बोट मध्यावर असताना त्याचा फोन आला. इंजिनाच्या घरघरीत निम्मंच ऐकू येत होतं. टोकन ९,००० चंच निघतं, तुमचे तीन हजार सिस्टिम घेत नाहीये, नऊ हजार एकरकमी टाका, आधीचे पाच मिनिटांत आपोआप परत येतील. मागून जाऊबाई सासूबाईंना लांबवरचे दिवे दाखवत होत्या. टेबल हातचं जाईल या धास्तीने मी नऊ हजार टाकले.

पणजीत गाडी लावली तरी पैसे परत आले नव्हते. मी फोन केला. तो जराही चिडला नाही, उलट माफी मागितली. म्हणाला, चूक आमची आहे, तुमचे बाराच्या बारा हजार आत्ताच परत करतो, बिल नंतर टेबलावरच द्या. त्याने व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड पाठवला. तो ॲपमध्ये गॅलरीतून घ्यायचा होता. घेतल्यावर जी स्क्रीन आली ती मला आजही डोळ्यांसमोर दिसते. वर १२,००० हा आकडा, त्याखाली बारीक अक्षरांत 'रिफंड' हा शब्द, आणि सगळ्यात खाली 'पे' लिहिलेलं मोठं निळं बटण. 'रिफंड' हा शब्द त्यानेच शेऱ्याच्या जागी लिहिलेला होता, तिथे कोणालाही काहीही लिहिता येतं. खरं काय चाललंय ते निळं बटण सांगत होतं. मी वाचला तो फक्त वरचा शब्द. "पिन टाका म्हणजे तुमच्या बँकेला कळेल," तो कानात सांगत होता. मी सहा आकडे दाबले.

बँकेचा मेसेज आला तेव्हा मी गाडीच्या दाराला टेकून उभी होते. १२,००० वजा झाले होते. परत फोन लावला तर बंद.

रेस्टॉरंटच्या मॅनेजरने वही उघडून दाखवली. आमचं नाव त्यात नव्हतंच. "आम्ही टेबलासाठी आगाऊ पैसे घेत नाही हो. येईल तो बसतो," तो मराठीतच म्हणाला, आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर ०८३२ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर होता. मी लावला होता तो मोबाइलचा. नकाशावरच्या माहितीत कोणीही बदल सुचवू शकतं आणि तो कधीकधी मान्यही होतो, हे मला तिथे कळलं. रेस्टॉरंटवाल्यांनी तो नंबर आधी दोनदा दुरुस्त करून घेतला होता. म्हणून सांगते, हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा पाटीवरून घ्या, आणि पैसे भरण्याआधी स्क्रीनवर कोणाचं नाव येतंय ते मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचलं असतं तर नवऱ्याने मला दुपारीच थांबवलं असतं.

दिराने तिथेच उभं राहून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तेव्हा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. त्यांनी तिन्ही व्यवहारांचे बारा आकडी संदर्भ क्रमांक मागितले. ते ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराखाली असतात. मग बँकेला कळवलं आणि रात्रीच पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली. शेवटचा व्यवहार होऊन तासही झाला नव्हता, त्याचा फायदा झाला. त्या खात्यात उरलेले ७,४०० रुपये गोठवले गेले आणि मार्च २०२२ मध्ये आमच्याकडे परत आले. बाकीचे तोवर दुसरीकडे वळवलेले होते. पिन मीच टाकलेला असल्यामुळे बँकेने जबाबदारी घेतली नाही. आपल्या नकळत पैसे गेले आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर नियम ग्राहकाच्या बाजूने आहे. पिन स्वतः दिला की तो आधार उरत नाही.

ठाण्यातून बाहेर पडलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. मला कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मावशीने आम्हाला एका गाड्यावर नेलं. स्टीलच्या ताटल्यांत रोस ऑम्लेट म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, वर चिरलेला कांदा, सोबत पाव. पैसे तिनेच दिले, रोख. मग नदीकाठी जरा बसलो. कॅसिनोच्या बोटींचे दिवे पाण्यात हलत होते. मावशी सांगत होती की २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे, ते सगळं बाहेरच्यांसाठी. सासूबाई गप्प होत्या. बऱ्याच वेळाने माझा हात धरून म्हणाल्या, "पैशाचं मनाला लावून घेऊ नको. मला दिवे बघायला मिळाले."

पैशाचं काय ते झालं. ती प्रमाणपत्रं मात्र परत येणारी नव्हती. १० जानेवारी २०२२ ला इतर आजार असलेल्या ज्येष्ठांचा तिसरा डोस सुरू झाला आणि त्याच महिन्यात सासूबाईंच्या मोबाइलवर फोन आला. समोरच्याने त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, दुसऱ्या डोसची तारीख बिनचूक सांगितली. नोंदणी करतोय, ओटीपी आलाय तेवढा सांगा. तो तोच माणूस होता का, हे मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरातून धावत आले तोवर सासूबाईंनी फोन ठेवला होता. नंबर त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून घेतला होता. त्याच दुपारी आम्ही तो जुन्या तक्रारीला जोडायला दिला.