खादीचा तिरंगा, ९०० बाय ६०० : नागपुरात घेतला, वस्तीत फडकवला, मोर्चात नेला

नागपूरच्या महाल भागातल्या एका खादीच्या दुकानातून मागच्या जुलैत राष्ट्रध्वज घेतला. हातकताईच्या सुताचा, ९०० बाय ६०० मिलिमीटर. दुकानात याला 'तीन बाय दोन' (फूट) म्हणतात. बाराशेच्या वर पैसे गेले आणि त्यावरून वस्तीच्या मंडळात चांगलाच वाद झाला, कारण पॉलिस्टरचा पंचवीस-तीस रुपयांत येतो आणि मंडळाच्या गल्ल्यात पैसा कधीच नसतो. वर्गणीत जे कमी पडलं ते मी घातलं. आता तो पंधरा ऑगस्टला फडकला, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या मोर्चात फिरला, सव्वीस जानेवारीला पुन्हा चढला. घ्यावा का, असं बाकीच्या मंडळांचे लोक विचारतात. घ्यावा. का ते सविस्तर लिहिते.

मी शिवणकाम करते, म्हणून आधी शिलाईचं. तिन्ही पट्टे वेगवेगळे कापून जोडले आहेत, प्रत्येक पट्टा बरोब्बर २०० मिलिमीटर. जोडाला दुहेरी टीप आहे आणि कापडाची कच्ची कड दुमडीच्या आत दाबली आहे. एक दोरा लोंबताना दिसत नाही. ब्लाउजची आतली बाजू कोणी बघत नाही म्हणून आपण ओव्हरलॉक मारून मोकळे होतो. झेंड्याला आतली बाजूच नसते. चक्र टेपने मोजलं, १८५ मिलिमीटर भरलं. या आकाराला तेवढंच ठरलेलं आहे. आरे चोवीस. खिडकीसमोर उजेडात धरलं तर पुढच्या बाजूचं चक्र आणि मागच्या बाजूचं चक्र एकावर एक बसतं, आऱ्यावर आरा. हे काम हाताने साधणं किती अवघड आहे ते कापडावर छपाई करणाऱ्याला विचारा. काठीकडची पट्टी जाड खादीची आहे, आत दोरी ओवलेली, वरच्या टोकाला लाकडी गुल्ली. पट्टीवर आकार आणि आयएसआयची खूण छापलेली.

झेंड्यासाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस १. देशाच्या मानकांच्या यादीत पहिला नंबर झेंड्याचा, हे मला दुकानातल्या काकाजींनी सांगितलं आणि मला ते फार आवडलं. एकूण नऊ आकार आहेत. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००. सगळ्यांचं प्रमाण तीनास दोन.

काकाजी जुने, मोजकं बोलणारे. त्यांनी झेंडा काउंटरवर पूर्ण उलगडून दाखवला, खाली जमिनीला लागू नये म्हणून दुसऱ्या टोकाला मुलाला उभं केलं. "ताई, हा महाग पडन तुम्हाले," असं आधी प्रामाणिकपणे बोलले. मग घडी कशी घालायची ते शिकवलं : केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत आणायचं, वर फक्त चक्र आणि थोडा केशरी-हिरवा राहतो. दुकानात पाच मिनिटं गेली असतील, पण एवढ्या आदराने कापड विकताना मी क्वचितच कोणाला पाहिलं आहे.

आता पॉलिस्टरशी तुलना. २०२२ च्या 'हर घर तिरंगा'च्या वेळी पोस्टात २० बाय ३० इंचाचा झेंडा पंचवीस रुपयांत मिळत होता. घराघरावर झेंडा लागला, माझ्याही गॅलरीत लागला, त्याचा आनंद खरा होता. पॉलिस्टर जराशा वाऱ्यावरही हलतं, पावसात भिजलं तर तासाभरात सुकतं. खादीला फडकायला चांगला वारा लागतो. नागपूरचा पंधरा ऑगस्ट म्हणजे पाऊस असणारच. खादी भिजली की जड होते आणि काठीला चिकटून बसते, मुलं खालून 'उघडत का नाही' म्हणून ओरडतात. हा दोष आहेच. रंग मात्र सुटला नाही. हिरव्याचा डाग पांढऱ्यावर आला नाही, आणि मी मुद्दाम ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघितलं. वाऱ्याकडच्या टोकाची शिलाई मोर्चानंतर थोडी सैल झाली होती, तेवढ्यावर मी टीप मारली. उलट वस्तीत वाटायला आलेल्या पॉलिस्टरच्या गठ्ठ्यात कित्येक झेंड्यांचं चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध नव्हतं, आणि कडेला शिलाईच नव्हती, गरम पात्याने कापून सोडलेलं.

माझा राग त्या कापडावर नाही. आम्ही तांडापेठेतले, नागपूरच्या विणकर वस्तीतले. बाबा मागावर बसायचे, आई कांड्या भरायची, नऊवारी लुगडी निघायची. घरात धोट्याचा आवाज थांबला तेव्हा मी शाळेत होते. म्हणून झेंड्याच्या नियमाकडे मी विणकराच्या घरातून बघते. २००२ च्या ध्वजसंहितेत, म्हणजे झेंडा वापरण्याच्या सरकारी नियमांत, कापड हाताने कातलेल्या सुताचं आणि हाताने विणलेलंच हवं असं होतं. म्हणजे आमच्या बाबांसारखा, गिरणीचं सूत आणून हातमागावर विणणारा माणूस त्या नियमात बसतच नव्हता. ३० डिसेंबर २०२१ ला दुरुस्ती झाली, यंत्रावर तयार केलेलं कापड चालेल, पॉलिस्टरही चालेल असं ठरलं. दार उघडलं, पण त्यातून आत आलं ते पॉलिस्टर. हातमागावर विणणारा आधी नियमाने बाहेर होता, आता भावाने बाहेर आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यात खादीचा आग्रह होता तो हाताला काम मिळावं म्हणून. त्या कामाचा प्रश्न स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी सुटलेला नाही, आणि हे मला झेंडा विकत घेताना दिसलं. बाराशे रुपयांतला काही वाटा कातणाऱ्या बाईच्या आणि विणणाऱ्या माणसाच्या हातात जातो. तो देताना मला जड वाटलं नाही.

आमच्या मंडळाचा झेंडा कर्नाटकातल्या हुबळीचा आहे. हुबळीजवळच्या बेंगेरीत खादी ग्रामोद्योग संघाचं ध्वज तयार करण्याचं केंद्र आहे. महाराष्ट्रात नांदेडलाही खादी समितीचे ध्वज होतात, तेही चांगले असतात. पण हुबळी वाचलं आणि मला १९२३ आठवलं, कारण नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात हुबळीची माणसं होती. काँग्रेसचे कार्यकर्ते ना. सु. हर्डीकर तिथले स्वयंसेवक घेऊन इथे आले आणि त्यांनी नागपूरच्या तुरुंगात शिक्षा भोगली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकीनाड्याला हिंदुस्थानी सेवा दल ही काँग्रेसची स्वयंसेवक संघटना उभी राहिली, त्याच्या मागे तुरुंगातला तो अनुभव होता. ज्या गावाने आपल्या शहराच्या रस्त्यावर झेंड्यासाठी अटक करून घेतली, त्याच गावात शिवलेला झेंडा आज आमच्या चौकात चढतो. नागपूरच्या किती शाळांत ही गोष्ट सांगतात?

त्या सत्याग्रहात मागणी अगदी साधी होती : झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्समधून चालू द्या. साहेबांचे बंगले तिथे, म्हणून बंदी, जमावबंदीच्या कलम १४४ खाली. १ मे १९२३ पासून रोज तुकड्या निघायच्या आणि अडवल्या जायच्या. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सुरुवातीला नेतृत्व केलं, ते पकडले गेल्यावर जुलैत वल्लभभाई पटेल आले. देशभरातून आलेले हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले, आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता. चक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेच्या ठरावाने.

एवढं होऊनही स्वतंत्र देशातल्या साध्या माणसाला वर्षभर केव्हाही झेंडा लावता येत नव्हता, ठरावीक दिवशीच मुभा होती. रायगडच्या (छत्तीसगडमधल्या) कारखान्यावर झेंडा लावू दिला नाही म्हणून उद्योगपती नवीन जिंदाल कोर्टात गेले. २६ जानेवारी २००२ पासून नवी संहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सन्मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२२ पासून रात्रीही ठेवता येतो. इंग्रज गेल्यावर हक्क आपोआप घरी आले नाहीत, एकेक करून मागून घ्यावे लागले. झेंड्याचाही तसाच.

मोर्चाबद्दल विचारणारे जास्त आहेत. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं आणि डिसेंबरात सगळ्या महाराष्ट्राची दुःखं नागपूरच्या रस्त्यावर येतात. आमचा मोर्चा हलबा या अनुसूचित जमातीच्या जात-प्रमाणपत्राचा होता. २००० सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कागदावर 'कोष्टी' (विणकर जात) नोंद असलेल्या आमच्यासारख्या घरांना अनुसूचित जमातीचा दाखला बंद झाला. आमच्या वस्तीत त्या निकालाने नोकऱ्या अडकलेली घरं आहेत. झेंडा पुढे होता, मागे आम्ही. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेड. विधान भवन पलीकडे, सिव्हिल लाइन्समध्ये. १९२३ मधल्या त्या जमावबंदीच्या कलम १४४ चं आता नव्या कायद्यात १६३ झालं आहे. जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपल्या मागणीसाठी आलेली ११४ गोवारी माणसं तिथल्या चेंगराचेंगरीत गेली, त्यात बाया आणि लेकरं होती. तिथे उभं राहून झेंडा धरताना माझे हात थरथरले. देशावर प्रेम आहे म्हणूनच सरकारच्या दारात मागायला आलो होतो, आणि तो झेंडा आमचाही आहे हे पलीकडच्यांना दिसावं असं मला मनापासून वाटत होतं.

वापरायचं म्हणाल तर हलक्या ॲल्युमिनियमच्या पाइपवर हा आकार एका माणसाला दिवसभर पेलतो, हात बदलत राहावे लागतात. काही नियम मोर्चेवाल्यांनी पाळावेत. संघटनेचा झेंडा सोबत असेल तर तिरंगा चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला किंवा मधोमध सगळ्यांच्या पुढे. एकाच काठीवर दुसरा झेंडा बांधायचा नाही. तिरंग्यावर घोषणा, मंडळाचं नाव, काहीही लिहायचं नाही. बसून घोषणा देताना तो खाली टेकवायचा नाही. आमच्यात दोन मुली आळीपाळीने उभ्या राहिल्या.

धुवायचं असेल तर साध्या पाण्यात, सावलीत वाळवा. सुरकुत्या पडतात, हलकी इस्त्री चालते, चक्रावर सुती कापड ठेवून. फाटला किंवा विटला तर लावू नका; संहितेप्रमाणे तो खाजगीत, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो. कचऱ्यात किंवा नाल्यात टाकायचा नाही.

शाळेच्या मैदानावर उंच खांब असेल तर १८०० बाय १२०० घ्या, तीन बाय दोन तिथे रुमालाएवढा दिसतो. वस्तीच्या चौकाला, सोसायटीला, मोर्चाला ९०० बाय ६०० योग्य. दुकानात जुलै संपायच्या आत जा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हाच आकार आधी संपतो. पट्टीवरची खूण बघा, चक्र उजेडात धरून बघा, आणि बिल घ्या.