१ टन ५ स्टार इन्व्हर्टर एसी : मशीनला ४ स्टार, फिटिंगला १

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मशीनबद्दल तक्रार नाहीच. परळची जुनी बिल्डिंग, सगळ्यात वरचा मजला, दिवसभर गच्ची तापते आणि रात्री अकरा वाजता पण भिंतीला हात लावला तर कोमट लागते. अशा खोलीत पंधरा-वीस मिनिटांत माणसात आल्यासारखं वाटतं. २६ वर ठेवा आणि पंखा दोनवर, पुरतं. आपल्याकडे खरा जीव काढतो तो दमटपणा, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ड्राय मोड वापरून बघा. आवाज नाही, रिमोट सोपा, आणि चालू केला की आपोआप २४ वर येतो, २०२० पासून सगळ्यांना तसंच बनवावं लागतं. बिलाचं म्हणाल तर स्टिकरवर जे वर्षाचे युनिट लिहिलेत ते १६०० तासांचे असतात. आमच्याकडे सासूबाई दुपारी पण लावतात, त्यामुळे तो हिशोब कधीच मोडला, पण ह्यात कंपनीचा काय दोष.

आता फिटिंग. मे महिना, दोन दिवस फोन करून करून शेवटी एक मुलगा आला, जेमतेम विशीचा, सकाळपासून हे चौथं घर म्हणाला. छज्जावर उतरला, बेल्ट नाही, दोरी नाही, एक पाय स्टँडवर एक पाय पाइपवर, खाली चार मजले. मला बघवेना. मी म्हटलं अरे बेल्ट तरी लाव, तर म्हणतो मॅडम, बेल्ट कंपनी देत नाही आणि एका फिटिंगमागे पैसे ठरलेले, टाइम घालवून चालत नाही.

पहिल्यांदा जुना एसी उतरवायचा होता, तो दिराकडे पनवेलला जाणार होता. ह्यात एक गोष्ट माहीत असायला हवी ती म्हणजे पंप डाऊन. एसी चालू ठेवून बाहेरच्या युनिटचा एक व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळा गॅस युनिटमध्ये ओढला गेला की दुसरा बंद करायचा, मग पाइप सोडवायचा. काही मिनिटांचं काम. ह्याने सरळ पाना लावला आणि नट फिरवला. जोरात फुस्स, पांढरी वाफ, हाताला तेलकट, झालं. मी ओरडेपर्यंत अर्धा गॅस गेला होता, मागोमाग उरलेला पण गेला.

जुन्यात आर-२२ होता, साधारण पाऊण किलो. हा गॅस किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या १८०० पट तापवतो, म्हणजे त्या एका फुस्समध्ये सव्वा टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. सरासरी भारतीय माणूस वर्षभरात सोडतो २ टनाच्या आसपास! नवीन एसीत आर-३२ आहे, तो ६७५ पट, बराच बरा पण साधू नाही. शिवाय दिराला पनवेलला पूर्ण गॅस भरून घ्यावा लागला तो खर्च वेगळाच.

ह्या गॅसांवर जगाचा करार आहे बरं का. २०१६ मध्ये रवांडात किगालीला झाला, नव्या एसीतले हे आर-३२ वगैरे गॅस हळूहळू कमी करायचे. श्रीमंत देशांनी २०१९ पासून सुरुवात करायची, आपल्याला २०२८ पर्यंत सवलत, आणि ८५ टक्के कपात २०४७ पर्यंत. मला हे न्याय्य वाटतं, अगदी मनापासून. अमेरिकेत बहुतेक घरांत एसी आहे, वर्षाला माणशी १४ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि आपण इथे उकाड्यात शिजत असताना कुणी एसी लावू नका म्हणून शिकवायला आलं तर मी त्याला आमच्या माळ्यावर एक रात्र झोपवीन. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात उन्हाने माणसं गेली, आपल्याकडे थंडावा म्हणजे नुसती चैन राहिलेली नाही.

पण हे भांडण मी २ टनाच्या सरासरीमागे उभी राहून भांडते, आणि ती सरासरी माझी नाहीच. ती खाली आहे कारण त्यात तो छज्जावरचा मुलगा आहे आणि समोरच्या चाळीतल्या मावशी आहेत, ज्यांच्या घरी एक पंखा आणि एक छोटा फ्रिज. मधली गल्ली एवढी अरुंद की आमच्या आउटडोअर युनिटची हवा सरळ त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्यांनी खिडकीला पुठ्ठा लावला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं पोळ्या करताना आधीच गॅसची धग, त्यात तुझ्या मशीनची. राहू दे, तुला पण गरज आहे." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या खोलीतली उष्णता कुठे गायब होत नाही, वर मोटारची भर घालून त्यांच्या घरात जाते. वीज येते ती पण बरीचशी कोळशाची.

शेवटी युनिट रस्त्याच्या बाजूला घेतलं, पाइप जास्त लागला, फुटाला पैसे लावले, सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिल्डिंगचा लुक जातो म्हणून दोन मीटिंग खाल्ल्या. आता गरम हवा रस्त्यावर जाते, म्हणजे खालच्या टॅक्सीवाल्यांच्या नशिबी, हे काही उत्तर नाही माहितेय मला, पण मावशींचा पुठ्ठा निघाला.

घ्यायचा असेल तर फेब्रुवारीत घ्या, मेमध्ये फिटिंगवाले धावपळीत असतात. बुक करताना विचारा की बेल्ट असलेला माणूस पाठवणार का, त्याचे जास्त पैसे घ्या म्हणावं. नवीन पाइपला व्हॅक्यूम पंप लावून घ्या, नुसता गॅस मारून हवा काढू देऊ नका. जुना उतरवायचा असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी पंप डाऊनचं विचारा, आणि "गॅस तो हवा है" असं उत्तर आलं तर चहा पाजून परत पाठवा.