जालन्याचं ऊन, सुपरचार्जर आणि कूलंटचं मिश्रण: अकरा महिन्यांनंतर

गेल्या एप्रिलमध्ये मी घरी सांगायचो की गाडी सकाळी वेगळी चालते आणि दुपारी वेगळी, तर कुणाला पटायचं नाही. सकाळी सहाला जालन्याहून निघालं की समृद्धीवर पाय दाबताच पाठ सीटला टेकायची. दुपारी दोनला परत येताना तीच गाडी मागे काहीतरी बांधल्यासारखी चालायची. इंजिनाचा काटा ९० वर, चेक लाइट नाही, कसलाही आवाज नाही. फक्त दम गेलेला.

गाडी सेकंड हँड घेतलेली. जर्मन सेडान, तीन लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन, वर सुपरचार्जर. एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी सुपरचार्जरच बदलायला सांगितला. आकडा लाखांत होता. गाडी घेऊन तसाच घरी आलो, आणि बरं झालं आलो.

दुखणं कुठे होतं ते कळायला ही व्यवस्था आधी समजून घ्यावी लागली. सुपरचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. आपल्याकडची ४१ अंशांची हवा दाबल्यावर सहज शंभरीच्या पुढे जाते. सिलिंडरमध्ये जाण्याआधी तिला थंड करायला सुपरचार्जरच्या घरातच दोन इंटरकूलर बसवलेले आहेत. त्यांच्या बारीक नळ्यांतून कूलंट फिरतं. त्यासाठी वेगळा छोटा इलेक्ट्रिक पंप आणि पुढे वेगळा रेडिएटर आहे. टाकी मात्र इंजिनाची आणि याची एकच. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाचं तापमान दाखवतो, या सर्किटचं नाही. त्यामुळे समोर सगळं ठीक दिसतं आणि आत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेत राहतो. शिवाय हवा २५ अंशांनी जास्त गरम गेली तर ती ७-८ टक्क्यांनी विरळ होते. दोन्ही मिळून जी मरगळ येते, ती मी रोज दुपारी अनुभवत होतो.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून इनटेकच्या हवेचं तापमान बघायला लागलो. सकाळी ४३, दुपारी जोर दिल्यावर ७६. पंप चालू होता, हात लावला की थरथर जाणवायची. मग कूलंटमध्ये ग्लायकॉल किती ते दाखवणारा, हजारभर रुपयांचा रिफ्रॅक्टोमीटर मागवला आणि टाकीतला एक थेंब काचेवर ठेवला. गोठणबिंदूच्या पट्टीवर रेघ उणे ५० च्याही खाली गेली. म्हणजे गाडीत पाणी कमी आणि ग्लायकॉल साठ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे कॉन्सन्ट्रेटच, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, टॉप-अप म्हणून ओतलं होतं. दुकानात कॉन्सन्ट्रेट आणि तयार मिश्रणाचे डबे दिसायला सारखेच, कोण वाचतंय? आमचे चाचा, ज्यांच्या हाताखाली जालन्यातल्या निम्म्या गाड्या गेल्या असतील, त्यांनीही विचारलं, "मालक, गाडी तापायलीय तर कूलंट अजून घट्ट करू का?" ते मनापासून विचारत होते. हा समज सगळीकडे आहे, आणि हा अनुभव लिहायला बसलो तो त्यासाठीच. थंड करतं ते पाणी. ग्लायकॉल पाण्याला गोठू देत नाही, उकळीचा बिंदू वर नेतो, आणि त्यासोबत येणारी रसायनं गंज रोखतात. उष्णता वाहून नेण्यात मात्र तो पाण्यापेक्षा बराच मागे आहे. निम्मं-निम्मं मिश्रणसुद्धा साध्या तापमानाला पाण्याच्या तीन-चार पट घट्ट असतं. छोट्या पंपाला ते बारीक नळ्यांतून ढकलायचंय, आणि माझ्या गाडीत त्याहूनही घट्ट होतं. बरं, ५०:५० मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. परभणीच्या कडाक्याच्या थंडीतही आपल्याला त्याची गरज काय?

एवढ्यावर भागलं नाही. खालचा ड्रेन उघडला तेव्हा आधी गुलाबी, मग तपकिरी पाणी आलं, आणि शेवटी डिंकासारखे गोळे. बोटांत चोळले तर बुळबुळीत, आत पांढरी कचकच. कधीतरी गुलाबी कूलंटमध्ये हिरवं पडलं होतं. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र झाली की असा गाळ बसू शकतो. पांढरी कचकच क्षारांची. त्यात माझाही वाटा आहे. मार्चमध्ये गेवराईजवळ टाकी खाली दिसली तेव्हा मी धाब्यावरचं बोअरचं पाणी लिटरभर ओतलं होतं. मी रोलिंग मिलमध्ये कूलिंगच्या पाण्याचंच काम बघतो. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी किती जड असतं हे मला माहीत होतं. मिलमध्ये सॉफ्टनरशिवाय एक थेंब आत सोडत नाही. तरी ओतलं. गळती शेवटी एका होजच्या ढिल्या क्लॅम्पची निघाली.

मग फ्लशिंग. बॅटरीत घालतात ते डीमिनरलाइज्ड पाणी भरायचं, इंजिन गरम करायचं, स्कॅनरवरून छोटा पंप चालवायचा, थंड झाल्यावर काढायचं. निघालेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, दर वेळी मोजला: ६४०, २१०, ६०, २०. चौथ्यांदा थांबलो. काढलेलं जुनं कूलंट गटारात टाकू नका, ही विनंती. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. मी कॅनमध्ये भरून मिलच्या वेस्ट ऑइलवाल्याकडे दिलं.

इथून पुढची चूक बहुतेक जण करतात, मीही केली. फ्लशनंतर ५०:५० चं तयार मिश्रण भरलं आणि निवांत झालो. दोन दिवसांनी मोजलं तर ग्लायकॉल ३३ टक्के. हिशोब सोपा आहे. सर्किटमध्ये एकूण १२ लिटर बसतं, पण ड्रेनमधून ८ लिटरच निघतं. इंटरकूलरमध्ये आणि ब्लॉकमध्ये ४ लिटर साधं पाणी राहिलेलंच होतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत किमान ४० टक्के सांगितलंय, नाहीतर अॅल्युमिनियमला गंजापासून संरक्षण पुरत नाही, कमाल ६०. मग २ लिटर काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट घातलं आणि ४४ वर आलो. पुन्हा करायची वेळ आली तर आधी ५.४ लिटर कॉन्सन्ट्रेट ओतेन, वर लागेल तेवढं पाणी.

तरीही पहिल्या आठवड्यात डावीकडचा इंटरकूलर उजवीकडच्यापेक्षा गरम लागायचा. हवा अडकली होती. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवल्याने ती निघेना. संभाजीनगरला व्हॅक्यूमने भरून घेतल्यावर निघाली. पुढचा छोटा रेडिएटरही बघा. माझ्या रेडिएटरच्या जाळीत कापसाच्या गाड्यांमागून फिरून फिरून तंतू आणि किडे नमद्यासारखे बसले होते. कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुतली, प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

सगळा खर्च साडेनऊ हजार झाला. त्यानंतर १४ हजार किलोमीटर झाले. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि आता पुन्हा एप्रिल. परवा त्याच रस्त्यावर, त्याच दुपारी दोनला, बाहेर ४१ अंश असताना जोर दिल्यावर हवा ५३ च्या वर गेली नाही. बीडच्या पुढचा मांजरसुंब्याचा घाट गाडीने एसी चालू ठेवून एका दमात चढला. एक गोष्ट सुटलेली नाही. सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की तापमान साठीवर जातं. सुपरचार्जर तापलेल्या इंजिनाच्या खोबणीतच बसलेला आहे, त्यामुळे रचनाच तशी. गाडी हलली की दोन मिनिटांत खाली येतं.

दर तीन महिन्यांनी एक थेंब काचेवर ठेवतो. परवाही ४४ च होतं. चाचांनी स्वतःसाठी रिफ्रॅक्टोमीटर मागवलाय आणि गिऱ्हाइकाला टॉप-अप करण्याआधी त्यात बघून घेतात. डिकीत माझ्याकडे दोन लिटर तयार मिश्रण असतं, झाकणावर मार्करने ४५ लिहिलेलं, प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांपासून लांब, वेगळ्या खोक्यात.