टोमॅटोला ‘व्हायरस’ झालाय म्हणून गळ्यात मारलेल्या बाटल्या

गच्चीत, बाल्कनीत टोमॅटो लावणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. गळ्यात ओळखपत्र, हातात भिंग आणि तोंडात ‘मॅडम, तपासणी मोफत आहे’ असं वाक्य असलेला माणूस तुमच्याही सोसायटीत येऊ शकतो. पुण्यातल्या आमच्या इमारतीतून त्याने चार घरांचे मिळून बारा हजारांच्या वर रुपये नेले. त्यातले ५,०५० माझे. तपासणी मात्र खरंच मोफत होती!

फेब्रुवारी सरत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. ग्रो बॅगांमधल्या बहुतेक झाडांची खालची पानं वर वळून गुंडाळली होती. पहिल्या बहराच्या काही हिरव्या टोमॅटोंचं बूड काळं पडून आत बसलं होतं. एका झाडाची तऱ्हा वेगळीच होती. शेंड्याची पानं बारीक, चुरगळलेली, कडेने पिवळी, वाढ खुंटलेली, आणि फूल आलं की गळून जायचं.

या माणसाने भिंग धरलं ते पानाच्या वरच्या बाजूवर. एकही पान उलटून बघितलं नाही. पाणी कधी घालता, किती घालता, विचारलं नाही. मोबाइलमधलं कसलंसं ॲप पानासमोर धरलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘व्हायरस’ उमटलं. मग २०२० साल काढलं. त्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुणे, सातारा भागात टोमॅटो पिकताना धड लाल होत नव्हते, पट्टे आणि डाग पडत होते, आणि लोक त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हणत होते, हे खरं आहे. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले होते, आणि त्यांत काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला होता, हेही खरं आहे. हा विषाणू मावा नावाच्या किडीमार्फत पसरतो. पण त्याने पुढे जोडलं ते असं : “तोच आहे हा. घरात लहान मुलं आहेत का? मग हे टोमॅटो आमटीत घालू नका.”

झाडांचे विषाणू माणसाला होत नाहीत. तेव्हाही अशाच अफवा उठल्या होत्या आणि शास्त्रज्ञांना खुलासे करावे लागले होते. पण मुलांचं नाव निघालं की माणूस वाद घालत बसत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘अँटी-व्हायरस किट’ १,८५० रुपयांना. दोन बाटल्या, त्यांवर घरच्या प्रिंटरवर छापल्यासारखं स्टिकर, झाडाचं चित्र आणि ‘१००% सेंद्रिय’. उत्पादकाचा पत्ता नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, तारीख नाही. वास मात्र सेंद्रिय अजिबात नव्हता. बिल ‘ऑफिसमधून व्हॉट्सॲपवर येईल’. ते आजतागायत यायचंय. सोबत शिक्का मारलेला एक छापील रिपोर्ट दिला.

त्याने सांगितलेल्या प्रमाणात फवारलं आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. फोन केला तर म्हणाला, “घाबरू नका, औषध लागू पडतंय. व्हायरस बाहेर फेकला जातोय, म्हणून पानं जळतायत.” आणि आता मातीतही व्हायरस उतरलाय, म्हणून त्याची ‘निर्जंतुक माती’ हवी, ३,२०० रुपये. माती आली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा होता, थोडं गांडूळखत मिसळलेला.

भांडं फुटलं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. त्यांच्याकडे गुलाब आणि कढीपत्ता आहे, टोमॅटो नाहीच. त्यांनाही रिपोर्ट मिळाला होता. आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले. शब्द न् शब्द तोच, शुद्धलेखनाच्या चुका त्याच. काकूंच्या गुलाबाच्या रिपोर्टात खाली लिहिलं होतं, ‘फळांचा आकार लहान राहील.’

त्याच आठवड्यात नारायणगावचे माझे दीर आले होते. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं टोमॅटो असतो. गच्चीत गेले आणि आधी एका ग्रो बॅगेत बोट खुपसलं. वर ओल, दोन पेरं खाली कोरडं ठणठणीत. “वहिनी, पाणी रोज सारखं पडतं का?” नव्हतं पडत. सकाळी कुणाला आठवलं तर, नाहीतर रात्री दुप्पट. “मग बूड काळं पडणारच. हा रोगच नाही. मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, असला तरी पाणी कमीजास्त झालं की तो फळापर्यंत पोचत नाही. काळा भाग कापा नि बाकीचा खा.” मग स्वतःच थांबले. “आता खाऊ नका. फवारलंय काय, तेच माहीत नाही.”

गुंडाळलेल्या खालच्या पानांकडे त्यांनी फारसं लक्षच दिलं नाही. ऊन वाढलं, पाण्याची ओढ बसली किंवा फुटवे एकदम जास्त काढले की जुनी पानं अशी वळतात, जाड होतात. हिरवी असतील तर झाडाचं काही बिघडत नाही, म्हणाले.

त्या एका वेगळ्या झाडापाशी मात्र बसले. शेंडा हलवला तर पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या. पान उलटलं, खाली त्यांची पिल्लं चिकटलेली. “हा बोकड्या, पानं चुरगळवणारा रोग. एवढं एकच झाड खरं व्हायरसचं.” म्हणजे त्या माणसाचा शब्द एका झाडापुरता बरोबर होता, आणि माझ्या मते त्यानेच जास्त राग येतो. कारण बोकड्या झालेल्या झाडाला कुठलंच औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं आणि बाकीची वाचवायला पांढऱ्या माशीच्या मागे लागायचं : पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, पानांच्या खालच्या बाजूने. तो पसरतो माशीमुळे, मातीतून नाही. ३,२०० ची माती कशासाठी होती ते इथे कळलं.

मातीचा प्रश्न कधी येतो तेही त्यांनी सांगितलं. हिरवंगार झाड पानं पिवळी न पडता अचानक माना टाकतं, तेव्हा बुंध्याजवळचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभं धरायचं. थोड्या वेळात कापापासून दुधी धागे सुटले तर जिवाणूजन्य मर रोग. तेव्हा झाडही जातं आणि त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची लावायची नाही. आणि खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, त्यांत वर्तुळात वर्तुळ दिसलं तर तो करपा, बुरशीचा. त्यावर विषाणूचं म्हणून काही फवारलं तर पैसे पाण्यात. इतकं वेगवेगळं असताना पाच मिनिटांत सगळ्या गच्चीला एकच आजार सांगणारा माणूस झाड बघत नव्हता, खिसा बघत होता.

कायद्याचंही थोडं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली कीड-रोगाचं औषध विकायला परवाना लागतो. बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असावी लागते, आणि विषारीपणा दाखवणारी लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण. ‘हे औषध नाही, टॉनिक आहे’ ही पळवाटही आता तितकी सोपी नाही, कारण जैव-उत्तेजकं, म्हणजे झाडाच्या वाढीची अशी टॉनिकं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून घ्या आणि पक्कं बिल मागा. शंका असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि खराब फळ घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात जा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे. तिथे मराठीत बोलतात.

तो आता फोन उचलत नाही. आम्ही तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिलाय आणि ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवलीय. पैसे परत आलेले नाहीत. अर्जासोबत पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, दोन्ही रिपोर्ट आणि माझी अर्धी भरलेली बाटली जोडली. अशी बाटली हाती आली तर रागाच्या भरात ओतून टाकू नका. आमच्या इमारतीतल्या दोघांनी ती बेसिनमध्ये ओतली, आणि आता त्यांच्याकडे दाखवायला फक्त स्टिकर उरलंय.