काचेचे मणी घरी करायचे असतील तर: बर्नर साधा चालेल, भट्टी साधी नको

वेंगुर्ल्याला मागच्या पडवीत मांडलेला माझा संच म्हणजे टेबलावरचा बर्नर, डिडिमियम चष्मा आणि छोटी विजेची भट्टी. लांब नळीने फुंकायची हौस असली तरी ती घरी नको. त्यासाठी काच सुमारे 1100 अंशांवर सतत वितळलेली ठेवावी लागते. गॅसचं बिल बघून घरचेच तुम्हाला फुंकून टाकतील.

बर्नर नुसत्या एलपीजीवरचा आहे. सोडा-लाइम काच, म्हणजे नेहमीची बाटल्यांची, त्यावर मऊ होते, पण सावकाश. आवाजही बराच. बोरोसिलिकेट, म्हणजे जास्त उष्णतेला मऊ होणारी काच, तिच्यासाठी मात्र ऑक्सिजन हवा. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा, मिनिटाला 5 लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर लहान बर्नरला पुरतो, पण त्यातलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे खडे) ओलाव्याने खराब होतं. आणि आमचा पावसाळा तर माहीत आहेच! कॉन्सन्ट्रेटर आतल्या कोरड्या खोलीतच ठेवा. ज्यांच्यावर मणी गुंडाळायचा त्या सळ्या स्टेनलेसच्याच घ्या, खारा वारा साध्या लोखंडाला सोडत नाही.

चष्म्याला पर्याय नाही. ज्योतीतला सोडियमचा पिवळा झगझगाट तो गाळतो. काळ्या गॉगलमधून काचच दिसत नाही.

खरे पैसे भट्टीत घाला, तेही तापमान-नियंत्रक असलेल्या. मणी सुमारे 500 अंशांवर ठेवून हळूहळू थंड केला नाही तर आतला ताण राहतो आणि तो नंतर कधीही तडकतो. माझ्या भट्टीचं दार घट्ट बसतं, नियंत्रकही नीट चालतो. वीज गेली की मात्र तो लावून ठेवलेला तापमानाचा कार्यक्रम विसरतो. पुन्हा लावावा लागतो. एवढ्यासाठी एक गुण कापते.