जॉन डेन्व्हरचं ‘ॲनीज साँग’: ऐकायला सोपं, वाजवायला कसदार

नावात ॲनी आहे, गाण्यात ती कुठेच नाही. तिचे डोळे नाहीत, केस नाहीत, भेटीची जागा नाही. जंगलातली रात्र, वसंतातले डोंगर, पावसातली चाल, वाळवंटातलं वादळ, पेंगुळलेला निळा समुद्र, अशा उपमा ओळीने येतात आणि कडवं संपतं. ध्रुवपदही नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ॲस्पेनच्या स्की-लिफ्टवर अमेरिकन गायक-गीतकार डेन्व्हरला हे पत्नी ॲनीसाठी सुचलं, दहाएक मिनिटांत. १९७४ मध्ये ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे ते लग्न मोडलं, तरी गाण्याचं काही उणावलं नाही. ज्याला जी आठवेल ती या उपमांत मावते.

पण टिकाऊपणा मुख्यतः चालीत आहे. पहिल्या ओळीत गिटारच्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) जी, ए, बी मायनर अशा चढतात. डोंगरांच्या ओळीला ए, जी, एफ शार्प मायनर, ई मायनर अशा पायरीपायरीने उतरतात. पावसाची ओळ ‘ए’वर, म्हणजे डीला षड्ज (सा) धरला तर पंचमावर (प) थांबते. षड्ज लगेच हाती लागत नाही, म्हणून पुढच्या ओळीची ओढ लागते. चाल रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीतल्या दुसऱ्या भागाच्या जवळ जाते, हे निर्माता मिल्ट ओकनने दाखवल्यावर डेन्व्हरने ती बदलली. सुरुवातीचं साम्य आजही कानाला कळतं.

गिटारवर वाजवताना ठेका तीनचा. तबला हवाच असेल तर दादरा (सहा मात्रांचा ताल) बसतो, पण हलक्या हाताने. शब्द समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उचलायचे आणि सम नंतर येऊ द्यायची. समेवरच सुरुवात केली की सगळं गाणं कवायतीसारखं होतं. उजव्या हाताला अंगठा चौथ्या तारेवर, मग तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी, तिसरी, असे सहा ठोके. सुरुवातीची लकेर म्हणजे डी कॉर्ड धरून करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरचा आडवा खाना) ठेवणं आणि उचलणं. हात अडतो एफ शार्प मायनरवर: बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) नीट दाबला जात नाही, तारा मुक्या होतात आणि नेमका तो उतार तुटतो. त्याऐवजी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी, एफ, जी, ए मायनर, ई मायनर, डी मायनर वाजवा. बार फक्त एफला उरतो. करंगळीची ती लकेर मात्र तितकी सहज येत नाही.

गाताना हरकती, मुरक्या नकोत, लयही ओढू नका. मूळ ध्वनिमुद्रण तीन मिनिटांच्या आतच संपतं.

‘बॅक होम अगेन’ या अल्बममधलं हेच मूळ आधी ऐकावं. त्यातली व्हायोलिनं उत्तरार्धात जरा जास्त गोड होतात, एवढीच तक्रार. बासरी वाजवणाऱ्यांनी जेम्स गॉलवेचं १९७८ चं वादन ऐकावं. शब्द काढूनही ही चाल उभी राहते, हे तिथे स्वच्छ ऐकू येतं.