छोट्या पॅरिश शाळेत नातीचं पहिलं वर्ष : कोल्हापुरातला अनुभव

माझी नात गेल्या जूनपासून कोल्हापुरातल्या एका छोट्या कॅथलिक पॅरिश शाळेत, म्हणजे इथलंच चर्च चालवतं त्या शाळेत, दुसरीला आहे. पहिलीला ती शहरातल्याच एका मोठ्या इंग्रजी शाळेत होती. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. पावसाळा, दिवाळी, नाताळ, गॅदरिंग, पालकसभा सगळं बघून झालं, म्हणून लिहायला बसले. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिणार आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे माझी नजर शाळेतल्या बाईची आहे, हे धरून वाचा.

शाळा चर्चच्या आवारातच आहे. बैठी कौलारू इमारत, ज्युनिअर केजी ते चौथी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. नातीच्या वर्गात पंचवीसेक मुलं. पॅरिशचे फादर मॅनेजर, मुख्याध्यापिका सिस्टर, बाकी टीचर आपल्या इथल्याच. कॅथलिक मुलं प्रत्येक वर्गात थोडीच. बाकी मराठा, लिंगायत, जैन, मुस्लिम अशी सगळ्या घरांतली. कुणाचे वडील उद्यमनगरात लेथवर आहेत, कुणाचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे, कुणाचे केएमटीत कंडक्टर. फी आधीच्या शाळेच्या निम्म्याहून कमी आहे. स्मार्ट बोर्ड, एसी, स्विमिंग टँक यातलं काही नाही.

ओळखीतले लोक मला दोनच प्रश्न विचारतात. इंग्रजी सुधारलं का, आणि धर्माचं काही शिकवतात का? दोन्हींची उत्तरं देते, पण मुलाची शाळा निवडताना यांच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे. मुलाला एखादी गोष्ट आली नाही, तर ते कुणाच्या लक्षात येतं, आणि किती दिवसांत?

पहिलीत नातीला इंग्रजीला ए ग्रेड होती. पुस्तक उघडलं की घडाघडा म्हणायची. तिची नजर ओळीवर नसायची, म्हणून मला शंका होती, पण प्रगतिपुस्तक बघून घरात माझं कुणी ऐकत नव्हतं. इथे पहिल्याच आठवड्यात टीचरनी एकेका मुलाला टेबलाजवळ बोलावून वाचून घेतलं. मी सोडायला गेले होते, दारातून बघत होते. त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक पट्टी होती, मधे एका शब्दापुरती खिडकी कापलेली. पट्टी धड्यावर ठेवली की तेवढाच शब्द दिसायचा. नात थबकली. मग ओठांतल्या ओठांत ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत आली आणि मोठ्याने म्हणाली. टीचरनी पट्टी खालच्या ओळीवर सरकवली, तिथेही तेच. रागावल्या नाहीत. वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

शाळा सुटल्यावर गेटजवळ मला गाठून म्हणाल्या, "आजी, हिचं सगळं पाठ आहे, वाचता येत नाही. दिवाळीपर्यंत वेळ द्या. घरी धडा वाचून घेऊ नका. मी चिठ्ठ्या देते, त्या खेळा." रोज चारपाच चिठ्ठ्या यायच्या. आधी साधे तीन अक्षरी शब्द, मग एस-एच, सी-एच, टी-एच असे जोडआवाज. धड्यातले शब्द मुद्दाम उलटसुलट करून दिलेले, म्हणजे पाठांतराचा आधारच तुटला. पहिले काही आठवडे नात रडकुंडीला आली, कारण जे येतंय असं तिला वाटत होतं तेच येत नव्हतं. त्या दिवसांत टीचरनी तिला वर्गात एकदाही मोठ्याने वाचायला उभं केलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एवढं जपणं चांगल्या शिक्षिकेलाही जमत नाही. मी तसे वर्ग घेतले आहेत, मला ठाऊक आहे.

शेवटच्या तासाला चौथीची मुलं व्हरांड्यात दुसरीच्या मुलांना शेजारी घेऊन बसतात. प्रत्येकाची जोडी ठरलेली. नातीच्या जोडीतला मुलगा स्वतः वाचनात कच्चा. तिला वाचून दाखवायचं म्हणून तो आदल्या दिवशी घरी सराव करून यायचा, हे त्याच्या आईनेच मला सांगितलं. दोघंही सुधारली. आमच्या वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळांत एकाच खोलीत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता असायच्या. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवायची, कारण इलाजच नसायचा. इथे तेच विचार करून, वेळापत्रकात तास धरून करतात.

केंद्राच्या निपुण भारत अभियानात, जे जुलै 2021 मध्ये सुरू झालं, दुसरी संपताना मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थ समजून वाचावेत असं ठरलेलं आहे. परवा न वाचलेलं गोष्टीचं पुस्तक देऊन मी घड्याळ लावलं. पन्नाशीच्या आसपास आली. मग गोष्टीत काय झालं ते विचारलं, तर तिने मराठीत सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. इंग्रजी सुधारलं का, याचं माझं उत्तर हे.

गणिताचंही बरं चाललं आहे. हातच्याची वजाबाकी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडवून शिकवली, जशी शिकवायला हवी तशी.

आता धर्माचं. सकाळच्या परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि एक इंग्रजी प्रार्थना होते. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो, त्या वेळी बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण. आपल्या घटनेच्या 28 (3) कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायला भाग पाडता येत नाही. प्रवेशाच्या वेळी सिस्टरांनी हे स्वतःहून सांगितलं. नात डबा उघडण्याआधी मैत्रिणींचं बघून कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण करते. घरी जेवताना आमचा श्लोकही म्हणते. आमच्या घरात यावरून कुणाला काही वाटलेलं नाही. ज्यांना वाटेल त्यांनी आधी सिस्टरांशी मोकळेपणी बोलावं, त्या ऐकून घेतात.

26 जूनला शाहू जयंती होती, शाळा नुकतीच सुरू झालेली. चौथीच्या मुलांनी 1917 च्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हुकमावर छोटं नाटुकलं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होतो, तो बाप "एक रुपाया? अवो, त्यात आठवड्याचा बाजार हुतोय!" म्हणून डोक्याला हात लावतो. फादर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. कोल्हापूरच्या शाळेत ही जयंती मनापासून व्हायलाच हवी, आणि इथे ती झाली.

नाताळचा गोठा मात्र सविस्तर सांगायला हवा. डिसेंबरच्या मध्याला मुलांकडून पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांत माती भरून घेतली आणि नाचणी पेरायला लावली. हे कोवळं हिरवं गवत येशूच्या गोठ्याभोवती ठेवतात. सिस्टर मंगळुरूकडच्या, त्यांच्या घरी लहानपणापासून असंच करत आले आहेत. नात उठून म्हणाली, "सिस्टर, अळीव टाकूया की, लवकर उगवतंय. आमच्या किल्ल्यावर टाकलं हुतं." दिवाळीचा किल्ला म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यावर अळीव पेरतात हे नव्हतं. त्यांनी तिलाच फळ्याजवळ बोलावून सगळ्यांना सांगायला लावलं. मग वर्गात अर्धी झाकणं नाचणीची, अर्धी अळिवाची झाली. कुठलं आधी उगवतं, किती वाढतं, ते पट्टीने मोजून रोज तक्त्यावर लिहायचं. अळिवाने बाजी मारली. दुसरीच्या मुलांचा विज्ञानाचा धडा याहून वेगळा काय असतो?

गोठा मांडून झाला तेव्हा मेंढपाळांच्या ओळीत एक मावळा उभा होता, ढाल-तलवारीसकट. कुणीतरी घरच्या किल्ल्यावरचा आणून ठेवला होता. एका टीचरनी तो उचलायला हात पुढे केला, तर सिस्टर म्हणाल्या, "राहू दे, बाळाची राखण करेल." चर्चला येणाऱ्या सगळ्यांनी तो बघितला. नाताळ संपेपर्यंत मावळा तिथेच होता.

आता तक्रारी.

पावसाळ्यात इमारतीचे हाल होतात. दोन खोल्या गळतात, भिंतींना ओल येते, मुलांचे रेनकोट वाळत घालायला धड जागा नाही. स्वच्छतागृह एकच आणि ते जुनं. मुलींनी दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि घरी येऊन धावत सुटायचं, असं बरेच दिवस चाललं. पालकसभेत आम्ही बायकांनी हा विषय लावून धरला, तेव्हा डागडुजी आणि नवा नळ झाला. पण हे आम्ही सांगेपर्यंत का थांबावं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की नदीकाठची मुलं येईनाशी होतात, मग सुट्ट्याच लागतात. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास भरायला हवेत. ते शाळेने पुढच्या शनिवारांना पूर्ण दिवस भरवून भागवलं, एवढं श्रेय देते.

शिक्षक टिकत नाहीत, ही दुसरी तक्रार, आणि ही मोठी. शाळा विनाअनुदानित, फी कमी, म्हणून पगार कमी. तिसरीच्या चांगल्या टीचर सहामाहीनंतर जास्त पगारावर दुसरीकडे गेल्या. नव्या येईपर्यंत दुसरी-तिसरी एका खोलीत बसली. नातीच्या टीचर दोन्ही वर्ग सांभाळून दमून जायच्या, त्या आठवड्यांत चिठ्ठ्या बंद पडल्या आणि वाचन अडखळलं. लहान शाळेत एक माणूस कमी झालं की बदली उभी करायला दुसरं कुणी नसतं. त्यात फादरांची आणि सिस्टरांची काही वर्षांनी बदली होते. आजची घडी या सिस्टरांनी बसवली आहे. त्यांच्या जागी येणारी व्यक्ती ती जपेल की नाही, हे प्रवेश घेताना कुणी सांगू शकत नाही.

मैदान नाही. चर्चपुढच्या अंगणात फुटबॉल चालतो आणि चेंडू मारियेच्या पुतळ्याकडे गेला की खेळ थांबवायचा, असा नियम आहे. पाटाकडील भारी की दिलबहार, या इथल्या फुटबॉल संघांवरून दुसरीतली पोरंही भांडतात. अशा गावात मुलांना पळायला एवढीशी जागा मिळावी, याचं वाईट वाटतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) 25 टक्के मोफत जागा इथे मिळत नाहीत, हे अर्ज भरण्याआधी लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या आहेत. फीमध्ये सवलत मिळते, पण ती फादरांशी बोलून, घरची परिस्थिती सांगून. मागायला संकोच करू नका, आमच्या ओळखीतल्या एका रिक्षावाल्या काकांच्या मुलीला मिळाली आहे.

शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसरी शाळा शोधावीच लागणार, आणि शहरातल्या चांगल्या शाळांत पाचवीला जागा फार थोड्या असतात. आमची सूनबाई आतापासून चौकशी करते आहे. दोन भावंडं असतील आणि एकच शाळा दहावीपर्यंत हवी असेल, तर इथे येऊ नका.

शेवटची तक्रार मराठीची, आणि ही माझ्या जिवाला लागते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांना मराठी सक्तीची झाली, म्हणून तास आहे. पण तो उरकल्यासारखा होतो. बाराखडी आणि जोडाक्षरं घाईने सरकली. 'र'चे प्रकार मुलांना नीट आलेले नाहीत, 'पर्वत' आणि 'प्रवास' लिहिताना रफार कुठे, पाय मोडून कुठे, यात निम्मा वर्ग चुकतो. इंग्रजी वाचनासाठी जी मेहनत टीचरनी घेतली, तीच मराठीला घेतली असती तर मूल दोन्ही भाषांत आणखी लवकर वाचायला लागलं असतं, असं मी चाळीतल्या, वाडीतल्या, कितीतरी मुलांना शिकवून म्हणते. ग्रंथालयाच्या कपाटात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भरपूर, मराठीचा एकच खण, त्यातही अर्धी थोर पुरुषांची चरित्रं, मोठ्यांच्या भाषेत लिहिलेली.

दिवाळीनंतर मी हे सिस्टरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, शनिवारी शेवटचा तास तुम्हीच घ्याल का? मी वर्गात बसते, मलाही जोडाक्षरं शिकायची आहेत." तेव्हापासून शनिवारी मी दुसरीला मराठी गोष्ट वाचून दाखवते आणि त्यातले शब्द फळ्यावर लिहून घेते. सिस्टर मागच्या बाकावर वही घेऊन बसतात. जूनपासून तिसरीलाही तास हवा, असं त्यांचं म्हणणं आहे.

त्यासाठी पुस्तकं कमी पडत आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलांना झेपतील अशी, मोठ्या टायपातली, चित्रांची मराठी गोष्टींची पुस्तकं कुणाच्या घरी पडून असतील तर टाकू नका, जवळच्या अशाच एखाद्या छोट्या शाळेत नेऊन द्या. पानं सुटलेली असली तरी चालतात, दाभणाने शिवून वरून खाकी कागद लावला की वर्षभर टिकतात.